एका नारळातलं आमंत्रण

कुंतलगडच्या धुंडिराज महाराजांना युवराजाच्या लग्नाचं आमंत्रण पसंत पडेना, म्हणून साऱ्या राज्यातली लग्नं थांबली होती.

हुकूमच तसा होता. "आमचं आमंत्रण ठरेपर्यंत कुणाच्या दारात मांडव दिसता कामा नये." लोकांनी उभे मांडव उतरवले. वाजंत्री सनया गुंडाळून शेतावर गेले. खरी पंचाईत झाली ती सागवाडीच्या येसूची. हुकूम आला तेव्हा तिला हळद लागून चुकली होती, आणि लागलेली हळद लग्नाआधी उतरू द्यायची नसते, असं तिच्या आत्याबाईंचं ठाम मत. येसू अंघोळ करून आली की आत्याबाई वाटी घेऊन उभ्याच. येसू इतकी पिवळी झाली की तिनं थापलेली भाकरीही पिवळी निघू लागली. नवरा मुलगा भिवा शेजारच्या गावात तसाच पिवळा बसून होता. बैल त्याला ओळखेनात, त्यामुळे नांगरटही थांबली.

आणि महाराजांच्या अटी तरी काय होत्या!

"प्रत्येक पाहुण्याचं नाव धातूवर कोरलेलं हवं. एकासारखं दुसरं आमंत्रण नको. ते कुणी टाकून देता कामा नये. आणि ते पोचलं की माणूस लग्नाला आलाच पाहिजे."

"आणि खर्च, महाराज?" दिवाण त्र्यंबकपंतांनी विचारलं.

"एक नारळ. आमच्या आजोबांचं अख्खं लग्न नारळ आणि मुलगी एवढ्यावर झालं. आम्ही घराण्याची रीत मोडणार नाही."

एक तांबट तांब्याचे पत्रे घेऊन आला. त्याच्या हाती नारळ द्यावा तर तो एकच होता, म्हणून त्याला नुसतंच घालवलं. एका शास्त्रीबुवांनी रानातले पोपट धरून त्यांना पाहुण्यांची नावं शिकवली. पोपट वाटेत एकमेकांचं ऐकून बिघडले आणि सगळ्यांनी मिळून एकट्या कोतवालालाच आमंत्रण दिलं. कोतवाल घाबरून गाव सोडून गेला. मग कुणी कोवळ्या कोहळ्यांवर काट्यानं नावं कोरून ती घरोघर वाटली. लोकांनी आमंत्रणाची भाजी केली.

एके दिवशी येसू गडाच्या दारात येऊन उभी राहिली.

"कोण गं तू?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"नवरी."

"कुणाची?"

"तेच महाराजांना विचारायला आलेय."

दरबारात तिला बघून महाराज म्हणाले, "हिला कावीळ झालीय का?"

"नाही महाराज, तुमचा हुकूम झालाय," येसू म्हणाली. "आमंत्रण मी करून देते. पण मग आजच माझा मांडव उभा राहिला पाहिजे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर युवराजांनाही आजच हळद लावा आणि आमच्या आत्याबाईंना इथं ठेवून घ्या. चार दिवसांत तुम्हीच अटी कमी कराल."

युवराज दोन पावलं मागे सरकले.

"बोल," महाराज म्हणाले.

"नावं कोरायची गरजच नाही. ती कोरलेली आहेत."

"कुठं?"

"घराघरात. हंड्यावर, कळशीवर, तांब्यावर. कुणाच्या आजोबांचं, कुणाच्या लेकीचं. एकासारखं दुसरं नाही. आणि गळका तांब्यासुद्धा कुणी टाकत नाही, त्यावर घरातल्या माणसाचं नाव असतं."

"अगं, पण ती भांडी त्यांच्याच घरी आहेत," दिवाणजी वैतागले. "त्यांचं आमंत्रण कसं होणार?"

"मागून आणायची. राजाघरी लग्न आहे, भांडी कमी पडताहेत, तुमचा हंडा द्या, असं दारात जाऊन सांगायचं. आमच्याकडे कुठलंही लग्न शेजाऱ्यांच्याच भांड्यांवर होतं."

"आमंत्रण द्यायचं असतं," महाराज म्हणाले. "ही तर घ्यायला सांगतेय!"

"दिलेला कागद माणूस चुलीत घालतो, महाराज. नेलेल्या हंड्यामागं मात्र चालत येतो. पोचा पडला का, दुसऱ्याच्या घरी तर गेला नाही ना, हे बघितल्याशिवाय त्याचा जीव थाऱ्यावर येत नाही. आणि आला की जेवल्याशिवाय जात नाही."

"मग आमचा नारळ?"

"तो देवापुढं ठेवा. पहिलं आमंत्रण देवाचं, आणि देवाकडं भांडं मागू नये."

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "गावच्या लोकांचं ठीक आहे. थोरामोठ्यांचं काय? ती माणसं भांड्यामागं धावत नाहीत. आमच्या राणीसाहेबांचंच बघ. दसऱ्याच्या दरबाराला पालखी पाठवली तरी त्या महालाबाहेर पाऊल टाकत नाहीत."

तेवढ्यात दाराशी गलका झाला. भालदार बाजूला झाले आणि अर्धी वेणी घातलेल्या राणीसाहेब अनवाणीच दरबारात शिरल्या.

"माझी परात कुठं आहे?"

"कसली परात?" महाराज चाट पडले.

"माहेरची! तिच्यावर माझ्या आईचं नाव आहे. सकाळी कुणीतरी लग्नाला हवी म्हणून मागितली आणि त्या वेंधळ्या दासीनं देऊन टाकली. कुठं आहे ते लग्न? मी आत्ताच्या आत्ता निघाले."

"तुम्ही? लग्नाला?"

"तुम्हीही चला. परात जड आहे. मला एकटीला उचलायची नाही."

येसूनं वाकून मुजरा केला. "सागवाडीला, राणीसाहेब. आत्याबाई परात गाडीत घालून पुढं गेल्यात. वर भिवा, वधू मी. आपण सहकुटुंब यावं, असं म्हणणार होते, पण आता म्हणायचं काही उरलं नाही."

महाराज आधी राणीकडं बघत राहिले, मग येसूकडं. आणि मग त्यांना असं हसू फुटलं की पगडी घरंगळून दिवाणजींच्या मांडीत पडली.

"दिवाणजी, राज्यातले सगळे मांडव उभे करा! आणि त्या तांबटाला बोलवा. आमच्या खर्चानं या पोरीला एक मोठा हंडा घडवून द्या, त्यावर तिचं नाव घाला, आणि आज तिच्या लग्नात अहेर म्हणून ठेवा."

"जशी आज्ञा. आणि युवराजांच्या लग्नाचं, महाराज?"

"तेव्हा सगळ्यात आधी तोच हंडा मागून आणा!"