टिटवी ‘उठला’ म्हणत नाही

‘पडलेला उभा राहिला, की पाडणाऱ्याचा दोष फिटला.’ एका जंगलात, आटलेल्या तळ्याच्या काठी एक तरुण टिटवी राहत असे, आणि हा नियम तिच्या आत्याने तिच्याकडून लहानपणीच पाठ करून घेतला होता. वर बजावलेही होते, “याला का म्हणून विचारायचं नाही. आपल्यात कुणी विचारलेलं नाही.”

मुलांनो, त्या जंगलात दर उन्हाळ्यात तळे आटले, की त्याच्या टणक तळावर बेलफळाचा खेळ रंगत असे. डोंगराकडचे नऊ गडी आणि नदीकडचे नऊ. शिंगाने, नाकाने, ज्याला जसे जमेल तसे बेलफळ ढकलत न्यायचे आणि समोरच्यांच्या दोन दगडांमधून पार करायचे. फळासाठी खांद्याला खांदा भिडवायची मुभा होती. त्यामुळे धडका बसत, गडी पडत. गडी पडला, की खेळ थांबे आणि सगळे टिटवीच्या आत्याकडे बघत. तो पायांवर उभा राहिला, की तिने “उठला! उठला!” असे ओरडायचे. तिची हाक झाली, की खेळ पुन्हा सुरू होई आणि धडकेची गोष्ट तिथेच मिटे. उठलाच नाही, तर धडक देणाऱ्याला पुढचे दोन सामने बाहेर बसावे लागत आणि पडलेल्याचा संघ एका गड्याने कमी खेळे. म्हणून पडलेला उठावा, असे पाडणाऱ्यालाही वाटे आणि पडलेल्याच्या सोबत्यांनाही. पडलेल्याला काय वाटते, हे मात्र कुणी विचारत नसे.

आत्या थकली तेव्हा हाक देण्याचे काम टिटवीकडे आले. पहिल्याच सामन्यात नदीकडच्या रोहीने, म्हणजे नर नीलगाईने, डोंगराकडच्या सशाला मागून उडवले. फळ तेव्हा केव्हाच पुढे निघून गेले होते. ससा धडपडत उठला, टिटवी ओरडली, खेळ पुढे चालला. पण त्या दिवसापासून सशाला उजेड सोसेना. तो करवंदीच्या जाळीत डोळे मिटून बसे आणि बाहेर निघालाच, तर भलत्याच्याच बिळात शिरे. टिटवी रोज त्याला भेटायला जाई. तो रोज विचारी, “आपण कोण?” ती रोज सांगे, आणि परतताना तिला आपलाच आवाज नकोसा होई.

शेवटच्या सामन्याला अख्खे जंगल लोटले. अर्जुनाच्या झाडावर डोंगराकडचे पाठीराखे वानर, काठाला उरलेल्या डबक्यात नदीकडची बदके. मधल्या खडकावर तीन पंच बसले होते : म्हातारा धनेश, त्याहून म्हातारे कासव आणि टिटवीची आत्या. खेळ ऐन रंगात आला होता. नदीकडच्या तरुण काळविटाने फळ आपल्या सोबत्याकडे सरकवले आणि ते कुठे जाते हे बघायला मान वळवली. तेवढ्यात वीस पावलांवरून डोंगराकडचा गवा सुटला. टिटवी जमिनीवर उभी होती, तिला सगळे स्वच्छ दिसले. गव्याने फळाकडे एकदाही पाहिले नाही. फळ निघून गेल्यावर त्याने वेग वाढवला, मान खाली घातली आणि थेट काळविटाच्या कानशिलावर धडक मारली.

काळवीट कोसळला. त्याचेच सोबती धावत आले. “ऊठ रे! आठ जणांत कसं जमायचं?” एकाने त्याला मागून रेटले, दुसऱ्याने शिंगाला आधार दिला. काळवीट उभा राहिला, पण त्याचे पुढचे पाय एकमेकांत अडकत होते. टिटवी त्याच्याजवळ गेली.

“फळ कुठे आहे, सांगशील?”

“कसलं फळ?” काळवीट अदबीने म्हणाला. मग खाली बघत हळूच म्हणाला, “तळ्यात पाणी कधी आलं गं? पाय ओले लागतायत.”

पायाखाली कोरडीठक्क जमीन होती. टिटवी ओरडली नाही.

ती ओरडत नाही म्हटल्यावर झाडावर आणि डबक्यात एकच कल्ला उठला.

“अगं ओरड की! चारही पायांवर उभा आहे, आणखी किती पाय हवेत तुला?” एक वानर खेकसला.

“मागून येऊन डोक्यात मारलं! पुढचा हंगाम बाहेर बसवा त्या गव्याला!” एक बदकीण किंचाळली.

“मागून काय? तोच मान वळवून उभा होता. गव्याने काय हवेत विरघळून जायचं?”

“तुला झाडावरून काय दिसतंय? नुसत्या पाठी!”

“आणि तुला डबक्यातून? नुसते खूर! आमच्या आजोबांच्या वेळी दात पडले तरी गडी खेळत होते.”

“म्हणून तर तुमचे आजोबा केळंसुद्धा गिळून खातात!”

बदके खदखदून हसली. वानर चवताळला. “रोहीने आमच्या सशाला उडवलं तेव्हा कुठे होती ही अक्कल? तेव्हा तर ‘खेळात लागतंच’ म्हणत होतात!”

“रोहीचं वेगळं. तो घसरला होता.”

“घसरला? या असल्या कोरड्या जमिनीवर?”

खडकावरून धनेशाने पंख आपटले. सगळे गप्प झाले. “पोरी, खेळ खोळंबलाय. गडी उभा आहे. हाक दे.”

“तो उभा नाहीये, त्याला उभं केलंय. गव्याने जे केलं, त्याचं काय करणार ते आधी सांगा.”

“नियमात काय आहे ते होईल. पडलेला उठला, की...”

“नियम मला पाठ आहे. मी विचारतेय, तो नियमच असा का आहे?”

आत्याने डोळे मिटून घेतले. कासवाने सावकाश मान बाहेर काढली. “बाळ, इतकं मनावर घेऊ नये. मला जन्मात किती जण धडकले. मी कधी तक्रार केली?”

“आजोबा, तुमच्या पाठीवर ढाल आहे.”

झाडावरही कुणीतरी फिसकन हसले. गवा मात्र हसला नाही. तो पुढे आला आणि शांतपणे म्हणाला, “मी काही त्याच्या वाईटावर नव्हतो. जोरात खेळतो, म्हणूनच ही सगळी मला बघायला येतात. आणि उठलाय की तो.”

“तो उठला हा त्याचा चिवटपणा. त्यात तुझं काय?” टिटवी म्हणाली. “फळ गेल्यावर तू वेग वाढवलास. मी बघितलंय.”

गव्याने मान फिरवली. धनेशाचा आवाज चढला. “आम्ही चाळीस उन्हाळे खेळ चालवला. प्रत्येक धडकेला असा वाद घालायचा, तर सूर्य मावळेल पण सामना संपणार नाही. शिक्षा मोजायची तरी कशी?”

“धडकेवरून मोजा! फळ त्याच्यापाशी होतं का, त्याने समोरून येताना पाहिलं होतं का, मार डोक्यावर होता का, हे मला इथून दिसतं. मला ते विचारा. आज तेवढं सोडून बाकी सगळं विचारताय. सशाने दात आवळून स्वतःला उभं केलं, म्हणून रोही सुटला. उद्या एखादा अशक्त गडी साध्या खांद्याच्या धक्क्याने पडून राहिला, तर चांगला खेळणारा दोन सामने बाहेर. ही शिक्षा आहे की सोडत?”

“घरटं नदीकडे आहे ना हिचं,” वानर ओरडला, “म्हणून गव्यावर घसरलीय!”

बदकांनी टिटवीचा जयजयकार सुरू केला. टिटवी त्यांच्याकडे वळली. “थांबा. गव्याला पुढचा हंगाम बाहेर बसवायचं, तर रोहीलाही तितकंच बसवायचं. त्याची धडक अशीच होती. त्या दिवशी मी ओरडले, ती माझी चूक. घाबरून ओरडले. आज सगळ्यांदेखत सांगते, रोही घसरला नव्हता.”

डबक्यातला जयजयकार एका क्षणात विझला. “आपलीच असून आपल्यावर उलटली,” बदकीण पुटपुटली. रोही गर्दीच्या मागे सरकला. आता टिटवीच्या बाजूने झाडावरही कुणी नव्हते आणि पाण्यातही कुणी नव्हते.

धनेशाने हे हेरले. तो गोड आवाजात आत्याला म्हणाला, “राहू दे ती. तुम्ही या, आत्याबाई. एक हाक, आणि विषय संपला. तुम्ही किती उन्हाळे दिल्यात.”

आत्या खडकावरून उतरली. भाचीकडे न बघता ती काळविटासमोर जाऊन उभी राहिली. त्याचे पाय तपासले, जसे तिने शेकडो वेळा तपासले होते. चारही जमिनीवर होते. तिने चोच उघडली. काळविटाने डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिले.

“आई, घरी जायचं का? डोकं फार दुखतंय.”

आत्याची चोच उघडीच राहिली. हाक आली नाही. तिने चोच मिटली.

“आत्याबाई?” धनेश म्हणाला.

आत्या वळली आणि खडकावर आपल्या जागी जाऊन बसली.

मग धनेश पुन्हा टिटवीकडे वळला. आता त्याच्या आवाजातला गोडवा गेला होता. “शेवटचं सांगतो. हाक दिली नाहीस, तर सामना इथेच मोडेल. इतक्या वर्षांत असं झालेलं नाही. ते तुझ्या माथी येईल.”

टिटवी आपल्या काटकुळ्या पायांनी चालत गेली आणि गवा व काळवीट यांच्या मधोमध उभी राहिली. गव्याच्या एका खुराएवढीही ती नव्हती.

“येऊ द्या माझ्या माथी,” ती म्हणाली. “याला सावलीत न्या. गवा आणि रोही यांचा निवाडा त्यांच्या धडकेवरून करा, सगळ्यांसमोर, एकाच मापाने. तोवर मी ‘उठला’ म्हणणार नाही. आज नाही, उद्या नाही, तुम्ही कितीही वेळा सांगितलंत तरी नाही.”

धनेशाने बोलायला चोच उघडली. त्याने आत्याकडे पाहिले, कासवाकडे पाहिले. कासवाने मान आत ओढून घेतली. धनेशाची चोच हळूहळू मिटली. 

तात्पर्य : पाडणाऱ्याची शिक्षा त्याने काय केले यावरून ठरवावी, पडलेला किती सोसतो यावरून नव्हे, आणि तो गडी आपला असो वा परका, माप एकच असावे.