छंद : पोहणे

विषय : एका उमेदवाराच्या बायोडाट्याबाबत.
संदर्भ : सदर उमेदवाराचे यापूर्वीचे अकरा अर्ज. (उत्तर एकासही प्राप्त नाही.)

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन की, एकदा एक तरुण आपला बायोडाटा छातीशी धरून एका वृद्धाकडे आला. या वृद्धाने चौतीस वर्षे एका मोठ्या कचेरीत नोकरीच्या अर्जांची छाननी केली होती. गाव त्याला भाऊसाहेब म्हणे. गावातली मुले अर्ज पाठवण्यापूर्वी त्याला दाखवीत आणि एक प्रत त्याच्याकडे ठेवून जात. प्रत ठेवल्याशिवाय भाऊसाहेब मत देत नसे. ती सवय निवृत्तीबरोबर निवृत्त झाली नव्हती.

तरुणाला एका रुग्णालयाच्या औषध भांडारात सहायक व्हायचे होते. शुक्रवार ही अखेरची तारीख. हा बारावा अर्जही वाया गेला, तर मामाच्या मंगल कार्यालयात खुर्च्या मांडायला जायचे, असे घरी ठरले होते. मामा तर येईल त्या पाहुण्याला "आता आपला भाचा येतोय" असे सांगतही होता.

"भाऊसाहेब, या वेळी नजरेत भरलाच पाहिजे," तरुण म्हणाला. "चार पानं. निळी चौकट. वर सोनेरी अक्षरांत नाव."

वृद्धाने पान उलटून पाहिले. "पत्रिका झकास झालीय. मुलगी कुणाची?"

तरुण ओशाळला. वृद्धाने मात्र पुढे जे केले, त्याचा अर्थ त्याला लागेना. कपाटातून तीस-एक बायोडाटे काढून त्याने प्रत्येकाचे फक्त पहिले पान वेगळे केले, तरुणाचेही केले. मग डिंकाची बाटली घेतली आणि प्रत्येक पानावरच्या नावावर व फोटोवर कोऱ्या कागदाची पट्टी डकवली. सगळी पाने पत्त्यांसारखी पिसून तरुणापुढे ठेवली.

"शोध तुझं."

"त्यात काय, निळी चौकट..." तरुण बोलता बोलता थांबला. सगळ्याच चौकटी निळ्या होत्या. गावात छपाईचे दुकान एक, आणि दुकानदाराजवळ नमुनाही एक. तरुणाने पाने पुन्हा पुन्हा चाळली. अखेर एक उचलले.

"हे! 'संस्थेच्या प्रगतीत माझी प्रगती.' हे माझं वाक्य आहे. मेहनती, प्रामाणिक, होतकरू. छंद, पोहणे. माझंच!"

वृद्धाने पट्टी सोलली. खाली नाव निघाले : कुमारी तेजस्विनी.

"तुला पोहता येतं?" वृद्धाने विचारले.

"नाही."

"गावात नदी?"

"नाही. एक विहीर आहे, तिच्यावर जाळी आहे."

"मग लिहिलंस कशाला?"

"ते नमुन्यात आधीपासून होतं. काढलं असतं तर जागा मोकळी दिसली असती."

वृद्धाने डिंकाची बाटली बंद केली. "गेल्या वर्षी काय करत होतास?"

"तसं काही नाही. एका ट्रॅव्हल्सच्या पार्सल खोलीत होतो. तात्पुरता."

"तिथं काय करायचास?"

"बेवारस पार्सलं पडली होती, बहात्तर. पत्ते पुसलेले. एक लोणच्याची बरणी होती, तिच्या तोंडाला दुकानाचं नाव छापलेल्या पिशवीचं फडकं बांधलेलं. त्या दुकानात जाऊन विचारलं, तर म्हातारी सापडली. एकावर नुसतं 'शाळेमागचं लिंबाचं झाड' लिहिलं होतं. सायकलवरून सहा शाळा हिंडलो. असे त्रेसष्ट मालक मिळाले. मग ट्रॅव्हल्स बंद पडली. मालक म्हणाला, उरलेली फेकून दे. मी घरी आणली."

"आणि हे चार पानांत कुठं आहे?"

"ते काय लिहायचं, भाऊसाहेब? ते कुणीही केलं असतं."

"चिरंजीव," वृद्ध शांतपणे म्हणाला, "मेहनती आणि प्रामाणिक या शब्दांवर माझी नजर चौतीस वर्षांत एकदाही थांबली नाही. कारण 'मी आळशी व लबाड आहे' असा अर्ज आलाच नाही. ज्या ओळीवर दुसऱ्याचं नाव चिकटवता येतं, ती ओळ तुझी नाही, खोड. अशा सगळ्या ओळी खोडल्यावर जे उरेल, ते एका पानात मावेल. भांडारवाल्याला हरवलेली वस्तू शोधणारा माणूस हवा असतो. पोहणारा त्याला काय करायचाय?"

तरुणाने तिथेच बसून एक पान लिहिले. चौकट आखली नाही. मोकळी जागा मोकळीच ठेवली.

शुक्रवारी रुग्णालयाच्या खिडकीत आवक कारकुनाने शिक्का उचलला. न वाचता शिक्का मारणे हा त्याचा लौकिक होता. पण हात वरच थांबला. त्याने पान उभ्याउभ्या वाचले.

"ती नऊ राहिलेली?" त्याने विचारले.

"आता सात आहेत, साहेब."

कारकुनाने "हं" म्हटले आणि शिक्का जरा सरळ मारला.

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे : मामाला थांबण्यास कळविले आहे. पार्सले शिल्लक सहा. अर्ज आवक क्रमांक चारशे अठरा अन्वये नोंदला असून, आज रोजी प्रलंबित आहे.