ऊन पाणी

भैरवसेन महाराजांच्या आंघोळीने तीन डोंगर बोडके केले होते! घंगाळभर कढत पाणी, तेही दिवसातून दोनदा. आता सरपणासाठी उरली होती फक्त ठकूच्या गावची देवराई. महाराजांनी हुकूम सोडला, "उद्या राई तोडा!"

ठकू म्हणजे महाराजांचं आंघोळीचं पाणी तापवणारी बाई. राईतल्या झऱ्यावर तिचं अख्खं गाव जगत होतं. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, राई गेली की झरा आटेल. आणि ती लाकडं पुरणार किती? फार तर दिवाळीपर्यंत. पुढे काय, सिंहासन जाळायचं?"

दरबाऱ्यांनी मिशीतल्या मिशीत हसू दाबलं. महाराज फणकारले, "मग कधी न सरणारं सरपण आणून दे!"

"अहो, सरतं म्हणून तर त्याला सरपण म्हणतात!"

"ते मला सांगू नकोस! उद्या मला ऊन पाणी हवं. लाकूड, गोवरी, कोळसा, तेल, काहीही जळता कामा नये. जमलं तर राई वाचली. नाहीतर कुऱ्हाडी तयार आहेत!"

दुसऱ्या दिवशी महाराज सकाळपासून पंचा नेसून बसले. पाण्याचा पत्ता नाही! विचारावं तर ठकूचा एकच निरोप, "होतंय, होतंय." वैशाखातला सूर्य डोक्यावर आला, तसे महाराज चिडून स्वतःच गच्चीवर गेले. तिथे काजळीने काळ्याकुट्ट झालेल्या पसरट कढया पाण्याने भरून मांडलेल्या. महाराजांनी एकीत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"अगं, चूल गार आणि पाणी गरम! केलंस तरी कसं?"

"काळी कढई उन्हात लवकर तापते, महाराज. तान्ह्या बाळांचं पाणी आम्ही असंच ठेवतो."

"मी काय तान्हं बाळ आहे? दुपारपर्यंत ताटकळत ठेवलंस!"

"सूर्य काही आपल्या चाकरीत नाही. त्याच्या सवडीनं घ्यावं लागतं."

"आणि पावसाळ्यात?"

"तेव्हा राईत आपोआप पडलेल्या काटक्या. फक्त आंघोळ एकदाच!"

"ही तर लबाडी झाली!"

"लबाडी कसली? हुकूम आपलाच, ऊन पाणी हवं म्हणून. हे घ्या, अस्सल उन्हाचं पाणी! आम्हीच वेडे, इतकी वर्षं आपल्याला लाकडाचं पाणी घालत होतो!"

महाराज इतके खदाखदा हसले की पंचा सांभाळायला दोन सेवक धावले!

"दिवाणजी! राई हिच्या गावाला इनाम लिहून द्या, हिच्या हातात सोन्याचे तोडे घाला, आणि जरा भरभर उरका, माझं पाणी निवतंय!"