वेशीवरचा सलाम

राजानं हुकूम काढला, की येत्या सोमवारपासून बुरखा घातलेल्या बाईला बाजाराच्या वेशीतून आत सोडायचं नाही. का, तर तोंड दिसत नाही म्हणजे माणूस ओळखू येत नाही. आत बाई आहे की चोर आहे, सांगणार कोण?

हा राजा पश्चिमेकडचा, समुद्रापलीकडच्या थंड मुलखातला. तिथं निम्मं वर्ष माणसं नाकापर्यंत लोकरीत गुंडाळलेली असायची. त्यांना मात्र कुणी काही विचारत नसे. असो.

त्या शहरात मैमुनाबी राहायची. मूळची दाभोळकडची. नवरा गलबतावर खलाशी. त्याच्यामागं ती एवढ्या लांब आली आणि बाजारात चूल मांडून घावन आणि मटणाचा रस्सा विकू लागली. लोक आधी तिच्या बुरख्याकडं बघून नाक मुरडायचे, मग रश्शाचा वास आला की तेच नाक घेऊन पुढं यायचे.

हुकूम मैमुनाबीच्या कानावर आला. नवरा समुद्रावर, घरात दोन पोरी. चूल गेली तर त्यांना घालायचं काय? तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि थेट राजवाडा गाठला.

राजा बुटका, अंगानं काटकुळा आणि भारी हट्टी. पण गमतीचा भुकेला. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता. तुमच्या तुम्हाला तरी ओळखू येतं का कोण कोण ते?"

"येतं की, महाराज. चालीवरून येतं, हातांवरून येतं, नुसत्या खोकण्यावरून येतं."

"मग लाव पैज," राजा म्हणाला. "सहा बुरखे उभे करतो. पाचांत बाया, एकात माझा माणूस. बुरखा उचलायचा नाही, हात लावायचा नाही, एक शब्द विचारायचा नाही. ओळखलंस तर हुकूम मागं घेतो. नाही ओळखलंस तर सोमवारपासून चूल बंद."

मैमुनाबीनं थोडा विचार केला. मग तिनं एकच मागणं मागितलं. त्या सहाजणींना बाजाराच्या वेशीतून पायी येऊ द्या, आम्ही रोज येतो तशा. मी मागून गुपचूप चालेन.

"एवढंच?" राजा हसला. "दिलं."

ठरल्या दिवशी ती वेशीपाशी गेली आणि बघते तर काय, राजवाड्यानं तिच्या सगळ्या वाटा आधीच बुजवून ठेवलेल्या. बाया दुसऱ्या बंदरातून आणलेल्या, तिनं कधी न पाहिलेल्या. सहाही एका उंचीच्या. डोळ्यांवर जाळी, हातांत मोजे, पायांत जड लाकडी खडावा. त्यामुळं सगळ्याच सारख्या डुगडुगत चालत होत्या. चाल गेली, हात गेले, आणि खोकायचीही मनाई! पोरींचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढं आले.

वेशीवर बर्टोल पहारेकरी उभा होता. दांडगा गडी, तोंडाचा फाटका. त्याला या पैजेचा पत्ताच नव्हता. सहा बुरखे दिसताच तो खुलला.

"आले बघा तंबू चालत! काय गं, आत कोंबड्या लपवल्यात का?"

आणि एकेकीला त्यानं काठीच्या टोकानं बाजूला ढोसलं. पुढं फळवालीनं टोपली जवळ ओढून घेतली. कुणीतरी हुर्यो केली. मैमुनाबी मागून सगळं बघत होती, आणि बघता बघता तिचं पाऊल हलकं झालं.

दरबारात सहाही ओळीनं उभ्या राहिल्या. सिंहासनापुढं पडदा ओढलेला. प्रधान म्हणाला, महाराजांना पडसं झालंय, ते पडद्याआडून बघताहेत.

"बघू देत," मैमुनाबी म्हणाली. "पडद्याआडून चांगलं दिसतं, मला ठाऊक आहे." आणि तिनं सरळ बोट दाखवलं. "ही चौथी."

प्रधानाचा चेहरा पडला. कशावरून म्हणतेस, त्यानं विचारलं.

"वेशीवर पहारेकऱ्यानं सगळ्यांनाच ढोसलं, साहेब. पाचजणी मान खाली घालून चालू लागल्या. ही चौथी मात्र थांबली, वळली आणि त्याच्याकडं बघतच राहिली. हिला नवल वाटलं. आम्हाला नवल वाटायचं केव्हाच थांबलंय."

प्रधान सावरून म्हणाला, "बरं, मग हा आमचा नोकर ओळखलास म्हणायचा."

"नोकर कसला? नोकराला ढोसलं तर तोही आमच्यासारखा मुकाट सरकतो. ज्याला उभ्या जन्मात कुणी बाजूला हो म्हटलं नाही, असा या मुलखात एकच माणूस आहे." मग ती चौथ्या बुरख्यापुढं झुकली आणि हळूच म्हणाली, "महाराज, खांद्याला फार लागलं का हो?"

बुरख्याच्या आतून आधी खुसखुस ऐकू आली, मग राजा असा हसत सुटला, की खडावा पायांतून निसटून तो सिंहासनाच्या पायरीवर बसलाच. हसून झाल्यावर त्यानं खांदा चोळला आणि हुकूम तिथल्या तिथं फाडला. त्या पहारेकऱ्याला कामावरून काढतो म्हणाला, आणि तुला बक्षीस काय देऊ, तेही विचारलं.

"त्याला काढू नका, महाराज. त्यालाही पोरंबाळं असतील. मला एवढंच द्या. अधूनमधून असेच बुरखा घालून बाजारात या. कधी येणार ते कुणाला सांगू नका. पण येणार आहात, हे मात्र गावभर सांगा."

राजा पुन्हा हसला, या वेळी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि दवंडी पिटायला माणूस पाठवला.

पुढं राजा बाजारात किती वेळा गेला, गेला तरी की नाही, देव जाणे. पण सोमवारी सकाळी मैमुनाबी रश्शाचं पातेलं घेऊन वेशीपाशी आली, तेव्हा बर्टोलनं काठी भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि कमरेत वाकून सलाम केला.

"या," तो घाम पुसत म्हणाला. "महाराज असाल तर मागचं माफ करा. आणि मैमुनाबी असाल, तर तुम्हीही करा."

"ते पातेलं जरा धर," बुरख्यातून आवाज आला. "मग बघू."