कोंडाबाईची मधाची वाटी

घाटमाथ्यावरच्या हिरडवाडीला धोंडगिरी महाराज राहत होते, तेव्हाची ही हकीकत. कड्याच्या पोटात महादेवाचं लहानसं देऊळ आहे. त्याच्या ओसरीवर महाराजांचं घोंगडं असे, आणि गावातलं कोणीही, कोणत्याही वेळी तिथं जाऊन बसावं, अशी मोकळीक असे.

वैशाखात महाराजांच्या गुरूंची पुण्यतिथी येई. त्या दिवशी महादेवाला मधाचा अभिषेक होई. मध याच डोंगरातला हवा आणि तो मोबदला देऊन घेतलेला हवा, एवढाच महाराजांचा आग्रह. "माशी रानभर राबते," महाराज म्हणत, "तिचं फुकट घेऊन देवाला घालायचं, हे मला पटत नाही." वर्षानुवर्षं हा मध गेनूबा आणून देत असे आणि बदल्यात देवळातला एक नारळ घेऊन जात असे. गेनूबाने आपल्या शेताच्या बांधावर पोकळ ओंडके मांडले होते. त्यांत सातेरी जातीच्या मधमाशा नांदत.

त्या वर्षी चैत्र संपता संपता गेनूबा देवळात आला, तो रोजच्यासारखाच. बरोबर त्याची लेक सुंदरा होती. ती सासर सोडून आली होती आणि बापाजवळच राहत होती.

"गेनूबा, यंदा मध कसा आहे?" महाराजांनी विचारलं.

"जांभूळ चांगली फुलली, महाराज. पण माशीने अजून पोळ्यावर मेणाचं झाकण घातलं नाही, मध कच्चा आहे. झाकण घातल्याशिवाय कापायचा नाही. थोडं थांबा. अभिषेकाला मध माझ्याकडून, हा शब्द."

"शब्द कशाला देतोस? तू आणतोसच की."

गेनूबा हसला. घरी जाताना त्याने वाटेत करवंदं तोडली, सुंदराच्या ओच्यात घातली. संध्याकाळी चुलीपुढे बसून त्याने खुरप्याची मूठ बसवली, ती नीट बसेना म्हणून खुरप्यालाच चार शिव्या दिल्या. सुंदरा म्हणाली, "आबा, उद्या करा. डोळे गेलेत तुमचे." तो म्हणाला, "डोळे नाही गेले, दिवा गेलाय." एवढंच बोलणं झालं.

पहाटे तो उठला नाही.

तेराव्यापर्यंत सुंदराने उंबरा ओलांडला नाही. घरात एकटीच माणूस. दिव्याशी तीच, पिंडाच्या तयारीला तीच. त्याच दिवसांत बाजारपेठेच्या मुकुंदशेटची माणसं डोंगर पालथा घालत होती. शहरात मधाला भाव आला होता. दिसेल ते पोळं त्यांनी कापलं. कच्चा मध, अंडी, पिल्लं, सगळं एकाच फडक्यात पिळलं. गेनूबाचे ओंडकेही फोडले. चौदाव्या दिवशी सुंदरा बांधावर गेली, तर ओंडके उपडे पडले होते आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. माशी एकही नव्हती.

ती तशीच देवळात आली. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालू लागली.

"बैस जरा, पोरी," महाराज म्हणाले.

"बसवत नाही, महाराज. आबांनी शब्द दिला होता. माझ्या घरात थेंब नाही."

"गेनूबाचा शब्द महादेव समजून घेईल."

"महादेव घेईल हो. मला घेववत नाही."

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं.

ओसरीवर मुकुंदशेट बसले होते. देवळाला दिवाबत्तीचं तेल त्यांच्याकडून येई, म्हणून ते खांबाला टेकून बसत आणि मोठ्याने बोलत. "अगं, एवढं काय त्यात? माझ्याकडे डबे भरलेत. हवा तेवढा ने. फक्त अभिषेकादिवशी चारचौघांत एवढं म्हण, की आमचा म्हातारा येडा होता. माशी झाकण घालील म्हणून वाट बघत बसला आणि हात हलवत गेला. म्हणशील?"

दोघेतिघे हसले. कोणी तरी म्हणालं, "नवऱ्याजवळ धड राहिली नाही, ती बापाचा शब्द राखणार!"

सुंदराची कानशिलं तापली. ती ओसरीवरून खाली उतरली. घरी जाऊन तिने नाचणीचं गाठोडं बांधलं आणि मध विकत घ्यायला डोंगर चढू लागली.

वैशाखातलं ऊन. पायवाटेचे दगड असे तापलेले, की चपलेतूनही चटका बसे. ती आधी भिवाच्या घरी गेली. भिवा दरवर्षी मध काढणारा. "शेटला दिला गं," तो म्हणाला आणि दुसरीकडे पाहू लागला. पुढच्या वाडीत धाकलूच्या बायकोने रिकामं मडकं आणून दाखवलं. "बघ, चाटायलाही नाही." त्याच्या पलीकडच्या पाड्यावर एकाने मध दिला, पण तो पाण्यासारखा पातळ आणि आंबूस होता, कच्चा पिळलेला, फसफसलेला. सुंदराने वास घेऊन परत केला. तिला पाणी दिलं तरी ती उभ्याउभ्या पिई. बसा म्हटलं की म्हणे, "निघते." गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर जाई. कुठं निघाली आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. थांबलं की छातीत काहीतरी वर येई, म्हणून चालायचं. असे दोन दिवस गेले.

शेवटच्या कड्याखाली कोंडाबाई एकटी राहत असे. कमरेत वाकलेली, तोंडात दात नाही. दारात ऊन खात बसली होती.

"मध आहे का, आजी? विकत पाहिजे."

"आहे की. वाटीभर आहे. पण तो माझ्या मरणाला ठेवलाय."

"मरणाला?"

"मरताना तोंड गोड असावं म्हणून. तर मरण काही येईना, मुंग्या मात्र रोज येतायत." म्हातारी खदखदून हसली. "कोणाची गं तू?"

"हिरडवाडीच्या गेनूबाची. आबा गेले. महादेवाचा मध द्यायचा राहिलाय."

कोंडाबाईचं हसू थांबलं. "गेला होय तो? गेल्या साली माझ्या घरामागं पोळं होतं. ते त्यानंच काढून दिलं, झाकण घातल्यावर. निम्मं माशीला ठेवून आला. देवाला पाहिजे ना तुला? घेऊन जा."

"तशी नाही नेणार. ही नाचणी घ्या."

"नाचणी दळायला हात कुठं आहेत मला? फुकट तू नेणार नाहीस, बापाची लेक तू. मग असं कर, माझं डोकं विंचरून दे. वर्षं झाली, कोणाचा हात लागला नाही."

सुंदराला निघायची घाई होती. तरी ती म्हातारीच्या मागे बसली. केसांच्या जटा झाल्या होत्या. तेल चोळत, एकेक बट सोडवत तिने विंचरायला सुरुवात केली. म्हातारी डोळे मिटून डुलत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सुंदराचे पाय एका जागी होते. इवलासा अंबाडा घालून झाला, तेव्हा ऊन कलत आलं होतं. कोंडाबाईने वाटी फडक्यात बांधून तिच्या हाती दिली. दाट, काळसर, जांभळाच्या वासाचा मध.

अभिषेकाच्या आदल्या सकाळी सुंदरा अंगण झाडत होती. समोर मुकुंदशेट उभे. डोक्याला पागोटं नाही, डोळे तांबारलेले.

"सुंदरा... बाई," ते म्हणाले. बाई हा शब्द त्यांनी तिच्यासाठी कधी वापरला नव्हता. "माझी पोर बाळंतपणाला आलीय. बाळ ठीक आहे, पण तिचा ताप उतरत नाही, छाती भरलीय. वैद्यबुवा म्हणतात, मात्रा चांगल्या मधात चाटवायची, दिवसरात्र, घटकाघटकाने. माझे डबे त्यांनी हुंगले आणि बाजूला सारले. कोंडाबाईने तुला..."

सुंदराच्या ओठावर आलं होतं, 'तुमच्याकडे तर डबे भरलेत, शेट.' आत कोनाड्यात वाटी होती. बापाचा शब्द त्या वाटीत होता. उद्याचा दिवस उजाडणार होता आणि ओसरीवर पुन्हा तीच माणसं बसणार होती.

"बाई, मी त्या दिवशी जे बोललो..."

"काही सांगू नका, शेट," ती म्हणाली. आत गेली. वाटी आणली, त्यांच्या भांड्यात उपडी केली, आणि कडेला राहिलेला मध बोटाने निपटून तोही दिला. शेटनी भांडं पोटाशी धरलं. ते धावत सुटले.

दुसऱ्या दिवशी देवळात गर्दी झाली. सुंदरा जाणार नव्हती. पण घरात राहवेना, म्हणून ती आली आणि रिकामी वाटी पदराखाली धरून पार मागे उभी राहिली. दूध झालं, दही झालं, तूप झालं. महाराजांनी मागे पाहिलं.

"सुंदरा, मध आण."

ती पुढे झाली. "महाराज, वाटी रिकामी आहे."

"कोणाला दिलास?"

"बाळंतिणीला."

"मग इकडे धर," महाराज म्हणाले, जणू काही झालंच नव्हतं. "पिंडीवर धर आणि वाकडी कर."

मागे कोणी तरी फिसकन हसलं. सुंदराने वाटी वाकडी केली. काही पडलं नाही. लोक कुजबुजू लागले. तिने डोळे मिटून घेतले. मग हाताला वजन लागलं. वाटीच्या काठावर थेंब जमला, लोंबला आणि त्याची बारीक तार झाली. ती तार तुटेना! दाट, काळसर मध पिंडीवर उतरला, पिंड न्हाली, शाळुंकेतून वाहू लागला, आणि साऱ्या गाभाऱ्यात जांभळाच्या फुलांचा वास भरला. वैशाख सरत आला होता, रानात जांभळीवर एक फूल नव्हतं. तरी कुठूनशा सातेरी माशा आत आल्या. वाटीच्या काठावर बसल्या, सुंदराच्या बोटांवरून चालल्या, एकीनेही नांगी मारली नाही. हर हर महादेव! गर्दीतल्या म्हाताऱ्यांनी कान धरले.

त्याच वेळी मुकुंदशेट दारातून आत आले. पहाटे त्यांच्या मुलीचा ताप उतरला होता, हे सांगायला ते धावत आले होते. समोर पाहिलं आणि त्यांचे पाय खिळले. मग ते मधल्या वाटेवर महाराजांपुढे आडवे झाले.

"महाराज, माझ्या डब्यांतल्या मधात काकवी मिसळलीय. गेनूबाचे ओंडके माझ्याच माणसांनी फोडले. घरात मढ्याचा दिवा जळत होता, तेव्हा फोडले. आणि तिनं मला एका शब्दाने विचारलं नाही."

"माझ्या पायांशी काय करतोस?" महाराज शांतपणे म्हणाले. "तिकडे जा."

शेट उठले, सुंदरासमोर गेले आणि भर देवळात त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या दिवशी फिदीफिदी हसलेली माणसं खाली बघत राहिली. सुंदरा दचकून मागे सरली. वाटी तिच्या हातात तशीच होती. पाय पुन्हा जागेवर ठरत नव्हते.

महाराजांनी तिच्या हातातून वाटी घेतली. "गेनूबाचा मध देवाला पोचला. मग अजून घालमेल कसली, पोरी? काय राहिलंय?"

सुंदराने मान हलवली. काही नाही, असं म्हणायचं होतं. पण आवाज निघाला तो वेगळाच, आणि तो गाभाऱ्यातल्या सगळ्यांनी ऐकला.

"आबा, मी सासरहून आले ना, त्या संध्याकाळी तुम्ही जेवत होता. का आलीस, म्हणून विचारलं नाहीत. दुसरं ताट घेतलंत आणि तुमच्यातली अर्धी भाकरी मला वाढलीत. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाहीत. कधीच नाही. आबा, तुम्ही विचारलं असतंत, तर मी त्याच रात्री कड्यावर गेले असते. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी जगले."