सायत्राच्या विहिरीवरचा दगड

विहिरीच्या काठावरचा हा काळा दगड पाहा. त्यातला खळगा पाण्याने पडलेला नाही, मुसळाने पडला आहे. आमच्या खैरघाटात लोक येतात ते वीजघराची चिमणी बघायला. मान मोडेपर्यंत वर बघतात आणि या दगडाला ठेचकाळून परत जातात. तुम्ही थांबलात, बरे वाटले.

कोळसा लागण्याआधी इथे पळसाचे रान होते, असे सांगतात. मग खाण निघाली, रूळ आले, आणि तेलंगणातून, छत्तीसगडातून, झाडीपट्टीतून माणसे आली. कुणाची बोली कुणाला कळेना. एक आवाज मात्र सगळ्यांना कळे, तो लटारीच्या काठीचा. लटारी खाणीचे छत ठोकून बघणारा. छत खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर पळा. त्याचे ठोके ऐकू येत तोवर माणसे निर्धास्त खणत.

तेच नडले. एकदा जुन्या बोगद्यात छत बसले आणि लटारी पलीकडे अडकला. सुरुंगांच्या आवाजात ते कुणाला कळले नाही. त्याने मदतीसाठी काठी ठोकायला सुरुवात केली. अलीकडच्यांनी ऐकले. लटारी ठोकतो आहे, म्हणजे सगळे ठीक आहे, असे म्हणून ते खणत राहिले.

त्याची बायको सायत्रा इथे पाणी भरत होती. जुना बोगदा या विहिरीला लागूनच जाई, त्यामुळे तळातून तिला ठोके ऐकू आले. छत बघणारा ठोकत ठोकत पुढे सरकतो. हे ठोके एकाच जागचे होते. घागर टाकून ती खाणीच्या तोंडाशी धावली.

"माया मानूस अडकला. थो छत नाही ठोकून रायला, बलावून रायला!"

मुकादम हसला. "अवो सायत्राबाई, नवरा काम करून रायला तं रडता कायले?"

ती परत आली. दुसरे काय हाती होते? घरातले मुसळ आणून तिने या दगडावर मारले. खालचे ठोके थांबले. मग घाईघाईने, एकामागून एक आले. काठावरच्या बायकांनी ते ऐकले आणि ओरडत खाणीकडे गेल्या, तेव्हा कुठे गडी उकरायला लागले. पण ढिगारा मोठा होता. सायत्रा मुसळ मारी, खालून जबाब येई. हळूहळू जबाब विरळ झाला, मग थांबला. तिने हात थांबवला नाही.

लटारी सापडला तेव्हा विहिरीच्या अंगाच्या भिंतीला कान लावून बसलेला होता म्हणे.

मान खाली घालून उभ्या माणसांना सायत्रा एवढेच म्हणाली, "ठोका आयकला का जबाब देत जा. कोनाचाबी असो."

तेव्हापासून खैरघाटात कुणी भिंतीत खिळा मारला तरी शेजारी आपल्या बाजूने ठोकतो. एका नव्या बाबूने कॅलेंडर टांगायला घेतले, तर मजुरांच्या घरांची सगळी लाइन ठोकू लागली. बिचारा वळकटी घेऊन स्टेशनवर झोपायला गेला!

आता ती खाण बंद आहे, आत पाणी भरले आहे. आता वरूनच खणतात, त्या उघड्या खाणी दूर सरकल्या, माणसे त्यांच्यामागे गेली. या लाइनीत मी एकटाच उरलो. फार एकटे वाटते हो. आजही सांजेला मी या दगडावर मुसळ मारतो आणि कान देऊन बसतो. रीत मी मोडलेली नाही, पण ती पाळायला दोघे लागतात.

तो धोंडा उचला. मी ठोकले की तुम्ही एकदा ठोका, आणि मग निघा.