उरकती काकू आणि बिनतोंडाची नवरी

एका गावात एक बाई राहत होती, आणि तिच्या हाताला असा उरक होता की शेजारणींच्या चुली पेटायच्या आत हिच्या भाकऱ्या थापून, भाजून, टोपलीत झाकूनही होत. सगळे गाव तिला उरकती काकू म्हणे. कुणाच्या घरी कार्य निघाले की पहिले बोलावणे तिला जाई. ती पदर खोचून उभी राहिली की यजमानीण बाई निर्धास्त होत असे.

उन्हाळ्यातही तिचे हेच. बाकीच्या बायका वैशाखभर पापड लाटत, कुरडया घालत. लाटता लाटता गप्पा मारत, गव्हाचा गरम चीक वाटीत घेऊन खात बसत, आणि अर्धे पापड लाटायचे राहून गेले तरी कुणाला काही वाटत नसे. उरकत्या काकूचे डबे मात्र चैत्रातच भरून फडताळात जात. मग ती दारात उभी राहून दुसऱ्यांच्या अंगणात डोकावे आणि म्हणे, "अगं बायांनो, अजून तुमचं चाललंच आहे?"

अशा बाईच्या पोटी देवाने एकच लेक दिली आणि ती दिली गोगलगाईच्या चालीची. पाण्याला पाठवावे तर वाटेत मुंग्यांची रांग बघत बसे. केर काढायला सांगावे तर केरात सापडलेल्या पिसाने आधी स्वतःच्याच गालाला गुदगुल्या करून घेई. आणि बोलणे तर अगदीच बेताचे. "दिवसभर काय केलंस गं?" म्हणून विचारले तर "काही नाही." "काय बघतेस?" तर "काही नाही." दुसऱ्यांच्या लेकी आईच्या मागे मागे बडबडत फिरताना दिसल्या की उरकत्या काकूला आत कुठेतरी दुखत असे. आपल्याही लेकीने आपल्याजवळ बसावे, चार गोष्टी सांगाव्यात, असे तिला फार वाटे. पण हे तिने कधी कुणाला सांगितले नाही. वरवर ती एवढेच म्हणे, "कसं व्हायचं या पोरीचं!"

त्या गावात उन्हाळ्यात मुली बाहुला-बाहुलीचे लग्न लावत. एका वर्षी वरच्या आळीचा नवरा आणि खालच्या आळीची नवरी, तर पुढच्या वर्षी उलटे. बाजारातली एकही वस्तू चालत नसे. घरातल्या चिंध्या, चिंचोके, गुंजा, करवंट्या, नारळाच्या शेंड्या, जे हाताशी लागेल त्यातून सगळे उभे करायचे. आणि एक पक्का रिवाज होता. नवरीचे तोंड आधी काढायचे नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आळीतल्या सगळ्या मुली आपापला दोरा घेऊन जमत आणि प्रत्येक जण नवरीच्या तोंडावर आपला टाका घाली. कुणी भुवई, कुणी पापणी, कुणी ओठाची कड. शेवटचा टाका पडला की नवरीने डोळे उघडले म्हणून सगळ्या टाळ्या पिटत.

उरकती काकू लग्न होऊन या गावात आलेली. तिला हे लग्न माहीत होते, पण हा टाक्यांचा रिवाज माहीत नव्हता. मुली कुणाच्यातरी ओसरीवर तासन्‌तास बसतात एवढेच तिने जाता येता पाहिले होते. थांबून बघायला तिला कधी सवडच झाली नव्हती.

त्या वर्षी नवरी खालच्या आळीची, आणि ती करायचा मान उरकत्या काकूच्या लेकीला मिळाला. बातमी कळताच शेजारीण म्हणाली, "तुमच्या घरची नवरी म्हणजे काय, बघायलाच नको!"

हे ऐकून काकूची मान ताठ झाली आणि त्याच क्षणी तिला काळजीही लागली. कारण तिची लेक ओसरीवर बसून काय करत होती, ते तिला दिसत होते. सावरीची बोंडे उकलून कापूस हवेत उडत होता. मुले त्याला म्हातारी म्हणत. लेक अंगणात धावून एकेक म्हातारी पकडायची, फुंकर घालून बी काढायची आणि चिंधीच्या पोटात भरायची. मग पुढची म्हातारी येईपर्यंत वर बघत बसायची.

"अगं, घरात गादीचा कापूस पोतंभर पडलाय. तो घे की!" काकू म्हणाली.

"तो नको."

"का बरं?"

"त्याने कुठे काय पाहिलंय? आमची नवरी गाव बघून आलेली हवी."

काकूने कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी पाहते तर बाहुलीचा एक हात दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर लांब.

"हे काय? हात लांबडा झालाय हा!"

"तिला जांभळं काढायची असतात ना," लेक म्हणाली आणि पुन्हा आपल्या सुईकडे वळली.

काकूचे हात शिवशिवू लागले. स्वयंपाकघरात ती भांडी घासे, पण जीव ओसरीवर. टाके वाकडे, पोट एकीकडे फुगलेले, लुगड्याला किनार नाही, आणि लग्न तर येऊन ठेपलेले. तोंडाचा पत्ताच नाही! लेकीला विचारले तर म्हणे, "होईल." काकूला आयुष्यात या एका शब्दाचा जेवढा राग होता तेवढा कशाचाच नव्हता.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळभर उन्हात म्हाताऱ्या पकडून लेक दमली आणि जेवण झाल्यावर ओसरीवरच झोपी गेली. बिनतोंडाची नवरी तिच्या उशाशी होती. काकू आली, लेकीच्या घामेजल्या कपाळावरचे केस तिने मागे सारले. तिला लेकीची मनापासून दया आली. उद्या वरच्या आळीच्या मुली हसतील, पोरीचा चेहरा पडेल, ती आणखीच मुकी होईल. आईने नाही सांभाळून घ्यायचे तर कुणी?

तिने बाहुली उचलली आणि आत नेली. वाकडे टाके उसवले. आतला कापूस खिडकीतून बाहेर झटकला, तो पुन्हा उडून गेला. गादीचा कापूस ठासून भरला, दोन्ही हात सारखे केले. आपल्या जुन्या पैठणीच्या पदराचे लुगडे नेसवले. मग बारीक सुई घेऊन तोंड काढायला बसली. कमानदार भुवया, टपोरे डोळे, नाजूक जिवणी, नथीला डाळिंबी मणी. लेक कूस बदलते न बदलते तोच नवरी तयार होऊन तिच्या उशाशी येऊन बसलीसुद्धा! काकूने लांब उभे राहून पाहिले आणि तिलाच आपल्या हाताचे कौतुक वाटले.

तेवढ्यात आळीतल्या मुली आल्या. प्रत्येकीच्या बोटाला आपापला दोरा गुंडाळलेला होता. हळदीत बुडवलेला, बिटाने रंगवलेला, काजळ लावलेला. आदल्या रात्रीपासून त्यांनी ते दोरे रंगवून वाळवले होते. त्या ओसरीवर चढल्या आणि नवरीकडे पाहून जागच्या जागी थांबल्या.

लेक जागी झाली. तिने बाहुली हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली.

"आवडली का गं?" काकूने विचारले.

"छान आहे," लेक म्हणाली.

"फार छान आहे, काकू," बाकीच्या म्हणाल्या. मुली शहाण्या होत्या, मोठ्यांच्या मनाला लागेल असे बोलत नसत. त्या हळूच बोटांवरचे दोरे सोडू लागल्या.

"आई, आता आम्ही काय करू?" लेकीने विचारले.

"काय करू म्हणजे? खेळा की!"

"खेळ तर झाला ना," लेक म्हणाली. तेव्हा कुठे एका मुलीने काकूला टाक्यांचा रिवाज सांगितला. ऐकून आपले चुकले असे काकूला वाटले, पण ती म्हणाली, "असू दे गं, उद्या लग्नात बघा कशी शोभते ती!"

दुसऱ्या दिवशी लग्न लागले. वरच्या आळीचा नवरा म्हणजे निव्वळ सोंग होते. एक कान मोठा, पागोटे डोळ्यांवर आलेले, मिशी एकाच बाजूला. पण त्या आळीच्या मुली त्याला खाली ठेवायला तयार नव्हत्या. "कान मी केला!" "मिशी माझी आहे, उरलेली अर्धी मांजराने पळवली!" असा एकच गलका. मग त्यांनी विचारले, "तुमच्या नवरीचं सांगा की. कुणी काय केलं?"

खालच्या आळीच्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. लेकीला खोटे बोलता येत नसे. ती म्हणाली, "सगळं माझ्या आईने केलं."

"अय्या, मग नवरदेवाला सासू आवडायची!" वरच्या आळीतली एक खट्याळ पोर म्हणाली आणि सगळ्या हसल्या. काकूही हसली, पण तिला ते बरेच लागले.

अक्षता पडल्या, भिजवलेल्या डाळीची आणि गुळाची पंगत झाली. आणि पाठवणीची वेळ आली. दरवर्षी ही पाठवणी बघायला म्हातारी माणसेसुद्धा दारात येत, कारण मुली खरेखुरे रडत. नवरीला परत परत जवळ घेत, "तिला उन्हात ठेवू नका हो," "तिला दूध आवडत नाही," असे सांगत. नवरीला घेऊन सासरची टोपली आळीच्या टोकापर्यंत गेली तरी मागून धावत.

या वर्षी कुणी रडले नाही. लेकीने नवरी उचलली आणि उसने आणलेले पातेले परत करावे तशी वरच्या आळीच्या हातात दिली. मग हात झटकून ती घरी निघाली. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

काकू तिथेच उभी राहिली. आता तिला नीट कळले. एवढी देखणी नवरी गावात कधी झाली नव्हती, आणि आपल्या पोरीचा उन्हाळा आपण एका दुपारी उरकून टाकला होता. तिला रडू आले. पाठवणीला रडणारी त्या वर्षी ती एकटीच.

घरी आल्यावर ती लेकीजवळ बसली. "माझ्यावर रागावलीस का गं, बाळे?"

लेकीने पुष्कळ विचार केला. "नाही. बाहुली चांगलीच होती. पण ती मला ओळखत नव्हती."

"चुकलं माझं," काकू म्हणाली. "अजून सुट्टी आहे. पुन्हा करता का?"

"पण नवरी तर गेली सासरी."

"मग दुसरं कुणी करा."

लेक थोडा वेळ आढ्याकडे बघत राहिली. काकूच्या जिभेवर घाई आली होती, पण तिने ती गिळली. शेवटी लेक म्हणाली, "नवरीची धाकटी बहीण. तिचं लग्न नाही लावायचं. ती इथेच राहील."

दुसऱ्या दिवसापासून ओसरी पुन्हा भरली. काकू दारात येऊन उभी राहिली तशा मुली सावध झाल्या. "काकू, बसा, पण हात पदराखाली!" एक जण म्हणाली. काकू मुकाट्याने हात पदराखाली घेऊन बसली. टाके वाकडे पडत होते. कुणी एक चिंधी शोधायला गेली ती कैरी घेऊन आली, मग तिखट-मीठ लावून ती खाण्यात सगळ्यांचा वेळ गेला. काकूला पहिले काही दिवस फार जड गेले. पण तिने एकाही सुईला हात लावला नाही.

मग तोंड काढायचा दिवस आला. "आईलाही एक टाका द्यायचा," लेक म्हणाली. मुलींनी ठरवले, हनुवटीवरचा तीळ काकूंचा. पण सगळ्यात शेवटी.

आणि जी बाई एका झोपेच्या अवधीत सबंध नवरी उभी करून मोकळी झाली होती, ती एका तिळासाठी दुपारभर हातात ओवलेली सुई घेऊन बसली. करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून ती ऐकत बसली.

लेक शिवता शिवता बोलत होती. धाकट्या बहिणीला पाण्याची भीती का वाटते, तिला ढगात कोणते घोडे दिसतात, ती आईशी का बोलत नाही. "तिच्या आईला सारखी कामं असतात," लेक बाहुलीला थोपटत सांगत होती. "हिची गोष्ट मोठी असते. अर्धी सांगून होईपर्यंत आई उठून जाते. म्हणून ही म्हणते, काही नाही."

काकूच्या डोळ्यांपुढे सगळे धूसर झाले. मुकी म्हणून जिची काळजी केली ती पोर नदीसारखी बोलत होती, आणि बहुधा सगळा उन्हाळा, या आधीच्याही उन्हाळ्यांत, अशीच बोलत आली होती.

"काकू, घाला तुमचा टाका!" मुली ओरडल्या. "तुमची पाळी आली."

काकूने सुई खाली ठेवली आणि लेकीच्या आणखी जवळ सरकली.

"थांबा गं," ती म्हणाली, "काय घाई आहे? हिची गोष्ट पुरी होऊ दे."

तात्पर्य काय, तर मुलांच्या हातचे काम आपण झटपट पुरे करून दिले की काम होते, पण त्या कामाबरोबर त्यांचे जे मन उलगडत असते ते तिथेच मिटते. ते ऐकायचे असेल तर त्यांच्याजवळ रिकामे बसता आले पाहिजे.